श्वसननियंत्रणाचा वायवा: दोन रेषा काढता आल्या की निम्मं काम झालं

कळवा, नेरूळ, कामोठे, कुठेही एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असा, फिजिओच्या (शरीरक्रियाशास्त्राच्या) वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारलं जातं: ऑक्सिजन घटला तर श्वास किती वाढतो? ‘भरपूर’ म्हणालात की अडकलात.

आकडे तुम्हाला माहीत असतीलच. धमनीतला सीओटूचा दाब 40 मिमी पारा. तो 1 मिमीने वाढला की श्वसन मिनिटाला साधारण 2 ते 3 लिटरने वाढतं, मुख्यतः मेड्युलातल्या (मेंदूच्या तळाच्या भागातल्या) रिसेप्टरमुळे. ऑक्सिजनची दखल कॅरोटिड आणि एऑर्टिक बॉडीज (मानेतल्या आणि महाधमनीजवळच्या छोट्या संवेदक गाठी) घेतात, तीही दाब 60च्या आसपास उतरल्यावरच जोरात.

मेख पुढे आहे. पुस्तकातला ऑक्सिजनचा तो झपकन चढणारा वक्र सीओटू मुद्दाम स्थिर ठेवून काढलेला असतो. माणसात तो स्थिर राहत नाही. ऑक्सिजन घटतो, श्वास वाढतो, त्याबरोबर सीओटू बाहेर जातो आणि मेड्युला ब्रेक लावतो. लेहला उतरल्या दिवशी श्वास पुरेसा वाढत नाही तो यामुळेच. मूत्रपिंडं बायकार्बोनेट हा अल्क बाहेर टाकू लागली की काही दिवसांत ब्रेक सैल होतो. उलट सीओटू चढलेला असताना ऑक्सिजनही पडला, तर कॅरोटिड बॉडीत दोन्ही परिणामांची नुसती बेरीज होत नाही, ते एकमेकांना वाढवतात.

कागद घ्या. आडव्या अक्षावर सीओटू, उभ्यावर मिनिटाचं श्वसन. ऑक्सिजनचा दाब 100 असतानाची एक रेषा, 50 असतानाची दुसरी. दुसरी जास्त खडी, थोडी डावीकडे. समांतर काढलीत तर मुद्दाच गेला. सीनियरच्या झेरॉक्समध्ये ती बऱ्याचदा समांतरच असते, आणि फळ्यावर आलेख न काढता हा धडा उरकणाऱ्या शिक्षकाच्या नोट्सवर आमचा तरी भरवसा नाही.

घाबरू नका, चार वेळा काढलात की हात बसतो.

‘सीओपीडीत (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजारात) ऑक्सिजन दिला की श्वास थांबतो’ हे वाक्य मात्र वॉर्डात नेऊ नका. सीओटू चढतो त्यात फुप्फुसातल्या रक्तप्रवाहाची बिघडलेली वाटणी आणि हाल्डेन परिणाम (ऑक्सिजन मिळाला की हिमोग्लोबिन सीओटू सोडतं) यांचा वाटा मोठा असतो. सॅच्युरेशन 88 ते 92 टक्के ठेवा, 24 किंवा 28 टक्के ऑक्सिजन देणारा व्हेंचुरी मास्क वापरा, एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) पुन्हा बघा. भीतीपोटी ऑक्सिजनच रोखलात तर पेशंट आधी त्यानेच जाईल.

ॲनिमियात ऑक्सिजन कमी वाहिला जाऊनही श्वास का वाढत नाही, हा उपप्रश्न सोपा: कॅरोटिड बॉडी दाब मोजते, हिमोग्लोबिन नाही.