गाव रिकामं झाल्यावर आम्ही पोहोचलो: पहिल्या माहितीपटाचा अनुभव

पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला १२ मिनिटांचा माहितीपट करायचा होता, फेब्रुवारीअखेर जमा करायचा. तिघांचा गट. मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली, माझे दोन चुलते कोयत्याला जाऊन आलेले, त्यामुळे विषयावर वाद झालाच नाही: ऊसतोड. घरचाच विषय आहे, पटकन होईल असं वाटलं. आता दरवर्षी दिवाळीच्या आसपास धाकट्या मुलामुलींचे फोन येतात, 'ताई, विषय कसा घ्यायचा, शूटिंग कसं लावायचं?' त्यांना जे सांगते ते एकदा सविस्तर लिहून काढते.

सगळ्यात आधी वही घ्या आणि तुमच्या प्रश्नाचं वर्ष मांडा. कॉलेजचं नाही, प्रश्नाचं. ऊसतोडीचं वर्ष असं: पावसाळ्यात मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, उचल (आगाऊ पैसे) वाटतो, ती कोयत्यावर ठरते. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, थेट कर्नाटकापर्यंत. कारखान्यांचं गाळप संपलं की मार्च-एप्रिलमध्ये माणसं परततात, आणि फिटली नसेल तेवढी उचल पुढच्या हंगामावर चढते. हे सगळं मला लहानपणापासून पाठ होतं. तरी शूटिंगचं वेळापत्रक मी लावलं ते परीक्षेच्या तारखा बघून. कागदावर आमचा पहिला प्रसंग होता रात्री निघणारे ट्रक: भांडीकुंडी, शेळी, लेकरं, वर बसलेल्या बाया. परीक्षा संपवून २०२३ च्या नोव्हेंबरअखेर गावात उतरलो तर गल्लीभर कुलपं. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता, राज्यानं जाहीर केलेल्या ४० दुष्काळी तालुक्यांत धारूर होता. माणसं थांबणार कशाला?

तुमचा विषय पाण्याच्या टँकरचा असेल तर तो मार्च ते जूनचा आहे. वारीच्या वाटेवरच्या कचऱ्याचा असेल तर तो आषाढी एकादशीआधीच्या दोन-तीन आठवड्यांचा. सबमिशनची तारीख त्या दिवसांत बसत नसेल तर विषयाचा तोच तुकडा घ्या जो तेव्हा घडत असतो. माहिती अधिकाराच्या अर्जालाही हेच लागू. १० रुपये शुल्क, उत्तराला कायद्यानं ३० दिवस. आम्ही हंगामी वसतिगृहांची (आईबाप तोडीला गेल्यावर मागं राहिलेल्या मुलांसाठीची सोय) माहिती मागवणारा अर्ज डिसेंबरच्या मध्याला टाकला, उत्तर हातात पडलं तेव्हा निम्मं एडिटिंग उरकलं होतं. पहिल्या शूटच्या आधी अर्ज टाका.

विषय निवडताना आमचं आणखी एक चुकलं होतं, ते जास्त महत्त्वाचं. आधी आम्हाला ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर करायचं होतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या या बातम्या देशभर गेल्या, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. विषय मोठा आहे, खरा आहे. पण ओळखीच्या एका काकूंकडे मी तो काढला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, 'किती जणींनी विचारलं माय. दरवेळी तेच सांगायचं, दरवेळी तेवढंच दुखतं.' आम्ही विशीतली मुलं, मार्कांसाठी फिल्म करणारी. त्यांनी ते पुन्हा उकरावं असं आमच्याकडे काही नव्हतं. आम्ही तो विषय सोडला, आणि आजही मला वाटतं की बरोबर केलं. एखाद्या दुखऱ्या विषयावर तुमच्याआधी दहा कॅमेरे येऊन गेले असतील तर अकराव्यानं काय वेगळं करायचं आहे, हे आधी स्वतःला सांगता आलं पाहिजे.

तर आम्ही रिकाम्या गल्लीत बसलो होतो. कॅमेऱ्यावरचा मित्र कुलपांचे शॉट घेत होता, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. समोरच्या ओट्यावर एक आजी वाती वळत होत्या. म्हणाल्या, 'कुलपाचा कामून फोटो काढायलास बाळा? उघडून दावू का?' आणि आत जाऊन किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या.

सात घरांच्या किल्ल्या. प्रत्येक किल्लीला लुगड्याची वेगळी चिंधी बांधलेली: हिरवी थोरल्या लेकाची, जांभळी पुतण्याची, नुसती सुतळी ती शेजारच्यांची. आजींना वाचता येत नव्हतं, चिंध्यांवरून घर ओळखायच्या. आठ-दहा दिवसांनी एकेक घर उघडायचं, झाडायचं, उंदरांनी काय केलं बघायचं, देवापुढं दिवा लावायचा, पुन्हा कुलूप. कुलपावर पॉलिथिनची पिशवी गुंडाळायची, गंजू नये म्हणून. शिवाय दोन नातवंडं त्यांच्याजवळ होती. जेवायला शाळेच्या हंगामी वसतिगृहात, झोपायला आजीच्या कुशीत.

ट्रक निघण्याचा प्रसंग मिळाला असता तर या किल्ल्या आम्हाला दिसल्या नसत्या. फिल्मचं नाव तिथेच ठरलं, 'सात किल्ल्या'.

पुढच्या खेपेला कॅमेरा नेऊच नका. आम्ही दोन दिवस नुसते राहिलो, पाणी भरलं, आजींबरोबर दोन घरं झाडली. (दोघी मुलींना एसटीत अर्धं तिकीट, म्हणून चार खेपा परवडल्या, खर्चाचा हिशोब पहिल्या दिवसापासून लिहा.) त्या दोन दिवसांत कळलं की आजी सकाळी बोलत नाहीत, कामात असतात. संध्याकाळी चूल पेटली की बोलतात. मग मुलाखत दुपारी खुर्चीवर बसवून घ्यायचा बेत बदलला. सरपंच आणि मुख्याध्यापकांना भेटून, पत्र देऊन परवानगी घेतली. आजींची संमती कॅमेऱ्यावरच घेतली, त्यांच्या भाषेत: काय करतोय, कुठं दाखवणार, नको वाटलं तर कधीही सांगा. नातवंडांसाठी आजींचा होकार पुरेसा धरला नाही. आईबापांना फडावर, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसात, फोन लावून विचारलं.

आता आवाजाबद्दल, कारण पहिल्या फिल्मा बहुतेक इथेच मार खातात. चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, शब्द कळला नाही तर बघणं सोडतात. आमच्याकडे विभागाचा एक कॅमेरा आणि माझा मोबाइल होता. पैसे घालायचेच असतील तर ते कॉलर माईकवर घाला. माईक पदराखाली लावला तर खसखस येते, म्हणून कापडाची घडी करून चिकटपट्टीनं बसवायचा. पंखा बंद, सगळे फोन फ्लाइट मोडवर. प्रत्येक जागी बोलणं संपल्यावर कुणीही न हलता एक मिनिट तिथली शांतता रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधली फट त्यानंच भरते. बालाघाटाच्या डोंगरावर डिसेंबरात वारा सुटतो, तो माईकवर गुरगुरतो, त्यासाठी फरचं टोपडं हवंच. आमच्याकडे नव्हतं. एका अख्ख्या संध्याकाळचं बोलणं वाऱ्यात गेलं, आणि ते आजींना पुन्हा बोलायला लावणं मला जमलं नाही.

मोबाइलवर शूट करताना फ्रेमरेट २५ वर पक्का करा आणि शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, बऱ्याच दुसऱ्या आकड्यांवर ट्यूबलाइट पडद्यावर लपलपते. मोबाइलचा आपला आपण बदलणारा फ्रेमरेट तसाच राहिला तर लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज यांची फारकत होते. आमची झाली होती, एक रात्र तुकडे जुळवण्यात गेली. आणि रोज रात्री झोपायच्या आधी फुटेजच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या पिशव्यांत.

मुलाखतीत 'तुम्हाला कसं वाटतं?' विचारू नका. 'काय वाटायचं बापा' यापलीकडे उत्तर येत नाही. 'हिरवी चिंधी कुणाची?' विचारलं की आजी दहा मिनिटं बोलायच्या. जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा आम्ही उत्साहानं त्यांची प्रतिक्रिया घ्यायला गेलो. त्या म्हणाल्या, 'मग उचल बी वाढंल.' तेवढंच. माझ्या दीड पानी निवेदनापेक्षा ते एक वाक्य भारी होतं, ते निवेदन मी काढून टाकलं.

फिल्ममधला सर्वांत चांगला प्रसंग आमच्या यादीत नव्हता. रोज रात्री आठच्या सुमाराला फडावरून फोन यायचा. घरात रेंज नसे, मग धाकटा नातू मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर चढायचा, फोन स्पीकरवर. पलीकडून आईचा आवाज, मागं बैलांची घुंगरं, कुणीतरी कोपीबाहेर (झोपडीबाहेर) भांडी घासतंय. ती विचारायची, जेवलास का, शाळेत गेलास का, हा नुसता 'हं' म्हणायचा. एकदा तिला कळलं की आम्ही तिथेच आहोत. म्हणाली, 'ताई, तुमच्या कॅमेऱ्यात बघून सांगा बरं, अंगानं भरलाय का?' मी खोटं बोलले नाही, म्हटलं, 'उंच झालाय.' तिच्या परवानगीनं तो प्रसंग चार मिनिटं सलग ठेवला. एका सरांनी कमी करायला सांगितलं होतं. आम्ही अडून बसलो. विद्यार्थी म्हणून मार्गदर्शकाचं ऐकावंच, पण जिथं तुम्ही स्वतः बसला होतात तिथलं तुम्हाला जास्त माहीत असतं.

एडिटिंगला कमीत कमी तीन आठवडे धरा. आमचं फुटेज ११ तासांचं होतं. आधी सगळं बोलणं वहीत उतरवलं, शेजारी वेळेचे आकडे, मग वाक्यं कापून कागदाच्या पट्ट्या जमिनीवर मांडल्या. कॉम्प्युटर नंतर. सॉफ्टवेअर डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती, विद्यार्थ्यांना ती पुरते. सिनेमातलं गाणं मागं लावू नका, हक्काचा प्रश्न येतो आणि महोत्सवांची दारं बंद होतात. आमच्या फिल्मला संगीत नाही, घुंगरं आहेत.

फेब्रुवारीत फिल्म जमा केली. मार्क मिळाले. पण गावात दाखवली ती पाडव्यानंतर, टोळ्या परतल्यावर, शाळेच्या भिंतीवर. प्रोजेक्टर मागून आणला होता. शंभरेक माणसं असतील. कुलूप दिसलं की पोरं घराचं नाव ओरडत होती. संपल्यावर लोक उठले, आजी मात्र बसूनच. मी जवळ गेले.

'सातवं घर कुठाय?'

लांबी १२ मिनिटांत बसवताना आम्ही सुतळीच्या किल्लीचं घर कापलं होतं. आमच्या दृष्टीनं तो कुलपाचा सातवा शॉट, म्हणजे पुनरावृत्ती. ते शेजारचं कुटुंब मागच्याच रांगेत बसलेलं होतं, धाकट्या पोरीला मांडीवर घेऊन. फिल्मचं नाव 'सात किल्ल्या' आणि पडद्यावर सहाच घरं.

दुसऱ्या दिवशी संभाजीनगरला परत आल्यावर आधी ते केलं. तो शॉट ११ सेकंदांचा आहे: आजी पॉलिथिनची पिशवी सोडतात, किल्ली फिरवतात, दार ढकलतात. आता फिल्म १२ मिनिटं ११ सेकंदांची आहे, आणि कुठेही पाठवताना हीच आवृत्ती पाठवतो.