एकच नोंद आली की फसणारं फंक्शन

पायथनमध्ये फंक्शन लिहिता येतं असं धरतो. अडतं ते पुढे: तेच फंक्शन कधी लिस्ट, कधी स्ट्रिंग, कधी नन (None, म्हणजे 'काहीच नाही') परत करतं.

इंदूरच्या खाण्याचंच घ्या. पदार्थ दिला की तो कुठे मिळतो हे सांगणारं फंक्शन आहे. खोपरा पॅटीस विचारलं, 'सराफा' आणि 'छप्पन दुकान' अशी लिस्ट आली. गराडूची मात्र डेटात एकच नोंद, म्हणून लिहिणाऱ्याने नुसती 'सराफा' ही स्ट्रिंग परत केली. आता तिच्यावर लूप फिरवा. स, र, काना, फ, काना अशा ५ ओळी छापल्या जातात. लांबी मोजणारं लेन (len) लावलंत तर उत्तर ५, म्हणजे गराडू पाच ठिकाणी मिळतो! एरर नाही, काही नाही. चुकीचा रिपोर्ट बिनबोभाट पुढे जातो. त्यापेक्षा नन परवडलं, लूप तिथल्या तिथे टाइपएरर तरी देतो. टेस्टसाठी आपण सहसा दोन-तीन नोंदी घेतो, त्यामुळे हे तिथे सापडतच नाही. शून्य, एक आणि अनेक, तिन्ही तपासा; एकची टेस्ट सगळ्यात आधी.

फंक्शन आपलंच असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. कायम लिस्ट द्या, काही सापडलं नाही तर रिकामी. इनपुटच चुकीचा असेल तर एक्सेप्शन उठवा. 'डेटा नाही' असली स्ट्रिंग परत करू नका, लूपमध्ये तिचीही अक्षरं सांडतात.

लायब्ररी दुसऱ्याची असेल तर तिची सवय ओळखा. एक्सएमएलची डिक्शनरी करणारं एक्सएमएलटूडिक्ट (xmltodict) एकच टॅग असला की सुटा देतं, दोन झाले की लिस्ट. तिथे फोर्स_लिस्ट (force_list) या पर्यायात टॅगचं नाव द्या. अशी सोय नसेल तर मध्ये एक छोटं फंक्शन ठेवा: नन आलं तर रिकामी लिस्ट, स्ट्रिंग आली तर ती चौकटी कंसात. लिस्ट() मध्ये घालू नका, पुन्हा तीच पाच तुकड्यांची गत.

'इफ लावून टाक, चालतं' हा इंदूरच्या भंवरकुवा भागातल्या कोचिंग क्लासछाप सल्ला मला मुळीच पटत नाही. इफला ०, रिकामी लिस्ट आणि नन सारखेच. ननसाठी 'इज नन' लिहा. ट्राय-एक्सेप्टने एररचं तोंड दाबणं तर त्याहून वाईट.

टाइप हिंट, म्हणजे फंक्शन काय घेतं आणि काय देतं याची नोंद, जरूर द्या, पण कोड चालताना पायथन त्या तपासत नाही. त्या तपासणारं मायपाय (mypy) वेगळं चालवावं लागतं. हिंट नसलेल्या फंक्शनच्या आत तेही एरवी बघत नाही. आणि रिटर्नला स्ट्रिंगांचा सीक्वेन्स (Sequence[str]) लिहिलात तर एकटी स्ट्रिंगही त्यातून बिनतक्रार सुटते. तिथे स्ट्रिंगांची लिस्ट (list[str]) असंच लिहा.