जाड अंगासाठी कपडे: कुठले नियम पाळायचे, कुठले सोडायचे

काळा रंग घाला. आडव्या रेषा टाळा. मोठी फुलं नकोत, बिनबाह्यांचं तर नावच नको, आणि सगळं एक साइज सैल शिवून घ्या. जाड बाईला दुकानदार, शिंपी आणि नात्यातल्या बायका वर्षानुवर्षं हेच सांगत आल्या आहेत. या सल्ल्यांचा रोख एकच, अंग कमी दिसावं. हात वर केला की काखेत ओढ का बसते, खाली बसलं की हुक का ताणतात, बाही दंडात का रुतते, याची उत्तरं त्यांत नसतात. म्हणून नियम ठेवायचा की सोडायचा, याची आमची कसोटी साधी आहे: त्याने कपडा अंगावर चांगला बसतो का? बसत असेल तर ठेवा, नाहीतर सोडा.

या कसोटीवर बहुतेक जुने नियम गळतात. आडव्या रेषांचंच घ्या. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ सालीच नोंदवलं होतं की आडव्या रेषांनी भरलेला चौकोन उभ्या रेषांच्या तेवढ्याच चौकोनापेक्षा उंच आणि अरुंद दिसतो. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या पीटर थॉम्पसन यांनी सहकाऱ्यासोबत हीच गोष्ट कपडे घातलेल्या बाईच्या आकृतीवर तपासली. आडव्या रेषांनी जाडी वाढलेली दिसत नाही, हा त्यांचा निष्कर्ष २०११ साली छापून आला. उभ्या रेषांची अडचण वेगळीच असते. छातीच्या उभारावर त्या बाहेरच्या बाजूला वाकतात आणि उभार जास्तच नजरेत भरतो. आडव्या रेषांचं कापड मात्र शिलाईतली चूक लपवत नाही. टक्स (कापडाला उभार देण्यासाठी शिवलेल्या चुण्या) कमी पडले की रेषा बगलेकडे खाली झुकतात, आणि पोटावर पुढची बाजू उचलली गेली की खालच्या कडेजवळ कमान धरतात. शिंपी कच्चा असेल तर रेषांचं कापड त्याच्याकडे देऊ नका, नियम काहीही असो.

काळ्या रंगाचं म्हणाल तर संक्रांतीची चंद्रकळा जरूर नेसा, थंडीत काळा रंग ऊब धरतो. तोच रंग मे महिन्याच्या उन्हात घामोळं देतो. मोठ्या फुलांच्या कापडाला एकच पथ्य आहे. कापताना गोल फूल नेमकं छातीच्या टोकावर किंवा पोटाच्या मध्यावर येऊ देऊ नका. हे पथ्य बारीक अंगालाही तितकंच लागू आहे.

आता मापांकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे होतो. ज्या ब्रावर कपडा घालणार तीच घालून मापं द्या. पातळ जुनी ब्रा घालून माप दिलं आणि कार्यक्रमाला पॅडची घातली, की छातीची उंचीच बदलते. शिंप्याची नेहमीची टेप ६० इंचांची असते. नितंबांना ती अपुरी पडत असेल तर १२० इंचांची टेप मिळते, ती घरी ठेवा. छातीची मापं तीन घ्यायची: काखेला लागून वरची छाती, भरलेली छाती आणि छातीखालचा घेर. मग खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतची उंची आणि दोन टोकांमधलं अंतर. पोट आणि नितंब उभं राहून मोजा, मग खुर्चीवर बसून पुन्हा मोजा. बसल्यावर माप दीड ते तीन इंचांनी वाढतं. कपडा बसलेल्या मापावर शिवायचा. दंड मोजताना हात कोपरात वाकवा.

बहुतेक शिंपी खांदा, गळा आणि मुंढा (बाही जोडायची काखेभोवतीची गोलाई) छातीच्या मापाला भागून काढतात. ३४ छातीला हे चालून जातं. ४६ ला चालत नाही, कारण अंगावर मांस चढलं तरी खांद्याची हाडं तेवढीच राहतात. मग खांदा दंडावर उतरतो, गळा पसरतो, मुंढा खोल जातो. म्हणून भरलेली छाती वरच्या छातीपेक्षा तीन इंचांहून जास्त असेल, तर शिंप्याला स्पष्ट सांगा: खांदा, गळा आणि मुंढा वरच्या छातीच्या मापाने काढा, वाढीव रुंदी फक्त पुढच्या भागात द्या. खांदा तर भागाकार न करता थेट पाठीवर मोजायला लावा.

मुंढ्याबद्दल एक उलटा समज आहे. काखेत घट्ट होतं म्हणून बायका मुंढा खोल करून घेतात, आणि कपडा आणखीच अडतो. खोल मुंढ्यात हात वर केला की अख्खा ब्लाउज वर उचलला जातो, कारण बाही कपड्याला खालून ओढते. मुंढा काखेच्या जवळ ठेवा आणि बाहीची रुंदी वाढवा. दंडघेर अधिक दीड ते दोन इंच, एवढी बाही हवी. ब्लाउज शिवून झालाय आणि बाही रुतते आहे, तर काखेत तीन इंचांची चौकोनी कळी तिरक्या कापडातून काढून जोडता येते. कापड जुळलं तर ती दिसतही नाही.

ब्लाउजमध्ये छाती मोठी असेल तर चार टक्सचा साधा नमुना पुरत नाही. सगळा फुगवटा दोन मोठ्या टक्समध्ये घेतला की टोकाला शंकू उभा राहतो. टक्स वाढवा आणि छातीच्या टोकाच्या एक ते दीड इंच अलीकडे संपवा. त्याहून चांगलं म्हणजे कटोरी (छातीवर वाटीसारखा वेगळा भाग जोडलेला) किंवा प्रिन्सेस कट (छातीवरून खाली येणारी उभी शिलाई), कारण त्यांत आकार शिलाईच्या रेषेतच सामावतो. छातीच्या मापाहून ब्लाउज एक ते दीड इंच मोठा असावा. पुढच्या हुकांमध्ये फट पडत असेल तर शिंपी बगलेची शिलाई उसवून देतो. त्याने पाठही सैल होते आणि फट तशीच राहते, कारण कापड कमी पडलेलं असतं ते पुढे, छातीच्या टोकांच्या ओळीत. पुढचा भाग कापतानाच रुंदी द्यायला हवी होती. तयार ब्लाउजवर उपाय एवढाच: एक हुक बरोबर टोकांच्या ओळीवर आणायचा, बाकीचे सव्वा इंचावर लावायचे आणि आतली पट्टी पूर्ण एक इंच रुंद ठेवायची.

पुढचा गळा रुंद आणि पाठही खोल, हे दोन्ही एकदम मागू नका. खांदे घसरतात, मग दोरी बांधावी लागते आणि ती मानेला काचते. दोन्हींपैकी एक निवडा. बगलेत दोन्हीकडे दीड इंच माया, म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड, ठेवायला सांगा. वजन वर्षभरात वरखाली होतं आणि शिंपी स्वतःहून एवढी माया सोडत नाहीत. साडीसोबतचा ८० सेंटीमीटरचा ब्लाउजपीस ४४ छाती आणि कोपरापर्यंतच्या बाह्यांना पुरत नाही. एक ते सव्वा मीटर कापड धरा. खणाचा पन्हा (कापडाची रुंदी) अरुंद असतो, त्याचं कापड याहूनही जास्त घ्या. बाहीला जोड द्यावाच लागला तर तो काखेच्या बाजूला द्यायला सांगा.

साडीत जाड बायकांना एक अडचण हमखास येते: निऱ्या कमी पडतात. हिशोब मांडून पाहा. साडेपाच मीटर म्हणजे सुमारे २१६ इंच. नितंब ५२ इंच असतील तर पहिला वेढा ५२, पाठीमागून उजव्या काखेखाली येणारा दुसरा साधारण ४०, छातीवरून खांद्यापर्यंत २४ आणि मागे सोडलेला पदर ४०. उरले ६० इंच. पाच इंची निरीला दहा इंच कापड लागतं, म्हणजे सहाच निऱ्या. ३८ नितंबांना याच हिशोबात आठ-नऊ निघतात. यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे साडीचा ब्लाउजपीस कापूच नका. तो आतल्या टोकाला असेल तर तसाच खोचला जातो आणि आणखी तीन निऱ्या मिळतात. ब्लाउज वेगळ्या कापडाचा शिवा. नाहीतर निरी चार इंची करा, किंवा मागचा पदर सहा-आठ इंच आखूड ठेवा. पदराची एकच पट्टी करून खांद्यावर घट्ट पिन केली तर पोटाची बाजू उघडी पडते. ते नको असेल तर काखेखालून आलेला काठ कमरेशी एका पिनने धरा.

परकराची नाडी मात्र बदलाच. रोज एकाच जागी बारीक नाडी आवळली की कातडी काळी पडते, सोलवटते. धोतराच्या घट्ट गाठीच्या जागी होणाऱ्या कर्करोगाबद्दल मुंबईचे कर्करोग-संशोधक डॉ. खानोलकर यांनी १९४५ सालीच लिहिलं होतं, आणि साडीच्या नाडीच्या जागी तसाच विकार झाल्याची नोंदही नंतर भारतातल्या डॉक्टरांनी केली. तो दुर्मीळ आहे, पण कातडीचा त्रास दुर्मीळ नाही. दोन इंच रुंद पट्टा आणि हुक असलेला परकर शिवून घ्या, किंवा नाडीऐवजी रुंद कापडी पट्टी घाला. घेर सहा किंवा आठ कळ्यांचा हवा. सरळ कापाच्या परकरात पाऊल अडतं.

कुर्त्यात सैल शिवण्याचा नियम सर्वांत जास्त नुकसान करतो. सगळीकडे सैल कुर्ता छातीच्या टोकावरून तंबूसारखा खाली येतो आणि पोट नसेल तिथेही दिसतं. छातीला तीन ते चार इंच आणि नितंबांना चार इंच सैलपणा पुरे, खांदा नेमका. बाजूचे कट फाकत असतील तर कुर्ता नितंबांवर अपुरा आहे. कट आणखी वर नेऊन काही होत नाही. घेर वाढवा आणि कट नितंबांच्या सर्वांत रुंद ओळीपासून सुरू करा. पोट पुढे असेल तर कुर्त्याची पुढची बाजू मागच्यापेक्षा एक ते दीड इंच लांब कापायची, म्हणजे अंगावर खालची कड सरळ दिसते.

सलवार-पँटमध्ये आसनाकडे, म्हणजे कमरेपासून दोन पायांमधल्या शिलाईपर्यंतच्या भागाकडे, बघा. मागचं आसन पुढच्यापेक्षा बरंच उंच हवं, नाहीतर बसल्यावर कंबर मागून खाली सरकते. इलॅस्टिक दीड इंच रुंद घ्या, बारीक इलॅस्टिक पोटावर गुंडाळलं जातं. मांड्या घासून कापड आतून विरतं, तेव्हा नव्या पँटलाच आतून मांडीच्या जागी त्याच कापडाचा दुहेरी जोड लावून घ्या. स्कर्ट किंवा ड्रेसखाली मांडीपर्यंतची सुती सायकलिंग शॉर्ट घाला, कातडी सोलत नाही.

तयार कपडे ऑनलाइन घेताना ‘थ्री एक्सएल’ या अक्षरांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं. भारतीय अंगांचा मापतक्ता बनवण्यासाठी फॅशनचं शिक्षण देणाऱ्या निफ्ट या संस्थेने ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घेतला, पण सगळ्या कंपन्या एकच तक्ता वापरत नाहीत तोवर आपली टेप हाच आधार. नीट बसणारा आपला एक कुर्ता पलंगावर सपाट पसरा, काखेखाली आडवं मोजा आणि दुप्पट करा. २४ आलं तर कपड्याचा घेर ४८. तक्त्यातलं माप अंगाचं आहे की कपड्याचं, ते आधी वाचा. कपड्याचं असेल तर या आकड्याशी ताडा, अंगाचं असेल तर आपल्या छातीच्या मापाशी. कुर्ता छातीच्या मापाने घ्या, नितंबांच्या नको. नितंबांच्या मापाने घेतलेल्या कुर्त्याचा खांदा उतरतो, आणि खांदा चढवायला बाही, मुंढा सगळं उसवावं लागतं. खाली घेर कमी पडला, तर बगलेच्या शिलाईत कमरेपासून खालच्या कडेपर्यंत तिकोनी कळ्या घालणं कुठल्याही शिंप्याला जमतं. त्यासाठी कुर्त्याच्या रंगाचं पाऊण मीटर कापड पुरतं.