जुनी पिकअप: आधी थांबू दे, मग पळू दे

पिकअप दारात आली आणि मी पहिली चूक केली ती हौद्याला रंग देण्याची. दोन सुट्ट्या घासण्यात गेल्या, तिसरी प्रायमर आणि रंगात. गाडी अशी चकचकीत दिसायला लागली की मी स्वतःवरच खूश. पुढच्या आठवड्यात खाली सरपटलो तर मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ चासीला भोक! वेल्डिंग करावंच लागलं, आणि त्या आचेनं वरचा नवा रंग फोड येऊन निघाला. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. आधी चासी, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, मग इंजिन, त्यानंतर वायरिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी.

म्हणून पैसे मोजायच्या आधी एक छोटी हातोडी आणि पेचकस घेऊन गाडीखाली जा. चासी ठोकत चला. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. पाट्यांचे हँगर, हौदा जिथे चासीवर बसतो त्या जागा आणि चासीचा बंद पेटीसारखा भाग इथे चिखल साचून राहतो आणि गंज आतून खातो. शंका आली की पेचकस टोचा. गाडी जुनी आणि खालून मात्र ताजा काळा थर दिसला, तर तो खरवडून बघितल्याशिवाय उठू नका. एखादं भोक चांगला वेल्डर निस्तरतो. चार ठिकाणी पेचकस आत गेला तर ती गाडी सोडा, कितीही स्वस्त असली तरी.

इंजिन थंड असतानाच सुरू करून बघायचं. गाडी गरम करून ठेवली असेल तर तासभर थांबा. ऑइलचं झाकण उघडा. आतून दुधाळ साय धरली असेल तर पाणी आत जात असण्याची शक्यता आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पेट्रोल इंजिन असेल तर प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर, लावा. साधारण १० ते १२ बार मिळाले तर ठीक, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळे सिलिंडर जवळपास सारखे हवेत. एक कमी निघाला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. डिझेलवर हा ऑइलचा प्रयोग करू नका.

पैशाचं म्हणाल, तर जेवढे काढून ठेवलेत त्यातल्या एक तृतीयांशाला सुरुवातीला हात लावू नका. गाडी उघडल्यावर ते कुठे जाणार हे तीच सांगते. दार, काचा, फाळका, सीट, फार तर डायनामो हे भंगारातून आणा, बिनधास्त. ब्रेकचे होज, लायनर, व्हील सिलिंडर, बॉल जॉइंट, यू-बोल्ट आणि टायर मात्र नवेच. टायरच्या अंगावर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आहे म्हणून दहा वर्षांच्या टायरवर माल भरायचा नाही.

आता ब्रेक. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. सपाट कडक जमिनीवर पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी जॅकनं उचला आणि स्टँडवर बसवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर अंग खाली घालायचं नाही. ड्रम काढल्यावर आतली धूळ हवेनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा. व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघा, आत ओलं असेल तर सिलिंडर बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. डॉट ३ ताजं असताना २०५ अंशांपर्यंत तरी उकळत नाही, ओलावा धरला की ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. मग लांब उतारावर पेडल खाली जातं ते उगाच नाही. जुनं सगळं काढून नवं भरा.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दादा पेडलवर बसला आणि मी खाली. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ भाराप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. मला ते ठाऊक नव्हतं. मी गाडी चासीवरून उचलून मागचा ॲक्सल लोंबकळत ठेवला होता, आणि मागून ऑइल नीट येईचना.

“दाब.”

“दाबलंय.”

“धरून ठेव.”

“अरे, धरलंय की! किती वेळ?”

अर्धा तास असाच गेला. मग स्टँड ॲक्सलखाली घेतले, भार पाट्यांवर आला आणि दहा मिनिटांत काम झालं. निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, फिरवायच्या आदल्या रात्री गंज सुटायचं तेल मारून ठेवा. रिंग पाना लावा, फिक्स पान्यानं कडा गोल होतात. आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं. ‘कट’ आवाज आला की गंज सुटला. हातात रबरासारखं वळल्याचं जाणवलं तर थांबा, निपल तुटतोय. माझा एक तुटलाच.

सेल्फचीही एक गंमत. चावी फिरवली की नुसतं कण्हायचा. नवा सेल्फ घ्यायला निघालोच होतो. आधी बॅटरी मोजली: १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. मग मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावली आणि दादाला चावी मारायला सांगितली. मीटरनं दोन व्होल्ट दाखवले, खरं तर अर्ध्या व्होल्टच्या आत हवे होते. म्हणजे अर्थिंगची पट्टीच वीज खात होती. तिच्या दोन्ही टोकांखालचा गंज पॉलिश पेपरनं घासला, वायसरी बदलल्या, आणि सेल्फ एका झटक्यात फिरला.

पाट्यांचे बुश आणि शॅकल पिन पहारीनं उचकून बघा. गिअर पुढे-मागे टाकताना खालून ‘टण्ण’ आलं तर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, गेलेत. क्रॉसला ग्रीस निपल असेल तर महिन्याला ग्रीस मारा.

हौद्याला हात लावाल तेव्हा आधी पाणी जायची भोकं मोकळी करा. बाकी घासणं आणि प्रायमर तुम्हाला कुणीही सांगेल.

पहिली फेरी रिकामी आणि जवळची. परत आल्यावर चाकाचे नट आणि यू-बोल्ट पुन्हा आवळा, आणि प्रत्येक ड्रमजवळ हात धरून बघा, टेकवू नका. माझं मागचं डावं चाक एकटंच तापलं होतं. लायनरवर संशय घेऊन ड्रम परत उघडला, तर हँडब्रेकची केबल आत गंजून अडकलेली. केबल बदलली. पुढच्या फेरीला मागची दोन्ही चाकं सारखीच कोमट होती.