हेगच्या खुर्चीपर्यंतची वाट

१७ जुलै २०१९. होस्टेलच्या खोलीत आम्ही पाचजणी एका लॅपटॉपभोवती दाटीवाटीने बसलो होतो. साडेसहाला नेदरलँड्समधल्या हेगहून थेट प्रक्षेपण सुरू झालं आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष अब्दुलकावी युसुफ कुलभूषण जाधव प्रकरणाचा निकाल वाचू लागले. बाकीच्यांना कौतुक भारताचे वकील हरीश साळवे यांचं. मला मात्र एकच प्रश्न पडला होता, हा वाचणारा माणूस तिथवर पोहोचला कसा?

मी तेव्हा जेएमएफसीची, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाच्या परीक्षेची, तयारी करत होते. तीच वाट पुढे हेगला जात असेल असं वाटायचं. तसं नाही. तिथे ना परीक्षा, ना बढती. युसुफ आधी युनेस्कोचे कायदा सल्लागार होते. आपले नागेंद्र सिंह तर आयसीएस अधिकारी. वाहतूक खात्याचे सचिव, मग मुख्य निवडणूक आयुक्त, आणि अभ्यास जहाजवाहतुकीच्या कायद्याचा. १९७३ साली ते हेगला गेले, १९८५ ते १९८८ अध्यक्ष होते. निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध जिंकलेल्या खटल्याचा १९८६चा निकाल त्यांच्याच अध्यक्षतेखाली लागला. आपलेच दलवीर भंडारी मात्र मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती, मग सुप्रीम कोर्ट, असे हेगला गेले.

न्यायाधीश १५, मुदत ९ वर्षं. निवडून यायला संयुक्त राष्ट्रांची महासभा आणि सुरक्षा परिषद, दोन्हीकडे स्वतंत्रपणे बहुमत लागतं. या मतदानात व्हेटो चालत नाही. अध्यक्ष मात्र न्यायाधीशच आपल्यातून गुप्त मतदानाने निवडतात, ३ वर्षांसाठी.

या पदाचं खरं काम बंद दाराआड चालतं. सुनावणी संपली की प्रत्येक न्यायाधीश आपलं टिपण लिहून सगळ्यांना देतो. मग चर्चा, आणि तिथे सर्वांत कनिष्ठ आधी बोलतो, अध्यक्ष सर्वांत शेवटी. मतदानही त्याच क्रमाने. ज्येष्ठांनी तोंड उघडलं की बाकीचे गप्प, अशा वातावरणात वाढलेल्या मला हे वाचून फार बरं वाटलं. मतं समसमान पडली की अध्यक्षाचं निर्णायक मत. १९९६ला अण्वस्त्रांवरच्या सल्लामतात कळीच्या मुद्द्यावर ७-७ झालं, तेव्हा अध्यक्ष मोहम्मद बेदजाऊई यांच्या मताने पारडं झुकलं.

आता कायदा शिकणाऱ्या तुम्ही काय करायचं? पहिल्या वर्षापासून फ्रेंच. कोर्टाच्या अधिकृत भाषा इंग्रजी आणि फ्रेंच या दोनच आहेत, आणि मी पाचव्या वर्षी सुरुवात करून आधीची चार वर्षं कायमची गमावली. सागरी कायदा, वकिलातींचा कायदा, सीमावाद, यातला एक विषय धरून ठेवा. कोर्टाची ज्युडिशियल फेलोशिप आहे, जवळपास दहा महिने एका न्यायाधीशाच्या हाताखाली. पण नाव विद्यापीठानेच पाठवावं लागतं. माझा अर्ज आमच्या कार्यालयातल्या टेबलावर पडून राहिला आणि तारीख उलटली. तुम्ही रोज जाऊन विचारा.

आणि जाधव प्रकरणाचं निकालपत्र मुळातून वाचा. शेवटच्या परिच्छेदात एकेका मुद्द्यावर कोणी कसं मत दिलं ते नावानिशी छापलेलं आहे. अटकेतल्या परदेशी नागरिकाला आपल्या वकिलातीची मदत मिळण्याचा हक्क देणाऱ्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६चा भंग झाला, या मुद्द्यावर १५ विरुद्ध १ (सोळावे, पाकिस्तानने या खटल्यापुरते नेमलेले न्यायाधीश). बाजूने मत देणाऱ्यांत पहिलं नाव अध्यक्षांचं आहे.