फुप्फुसाचा साचा धुऊन त्यात नव्या पेशी कशा रुजवाव्यात

तीव्र फुप्फुसविकाराच्या रुग्णासाठी पर्यायी ऊती घडवताना कोट्यवधी वायुकोश (हवेच्या सूक्ष्म पिशव्या) शून्यातून रचण्यापेक्षा, रोपणासाठी नाकारलेल्या दात्याच्या फुप्फुसातील पेशी धुऊन काढून उरलेल्या साच्यात (प्रथिनांच्या चौकटीत) रुग्णाच्याच पेशी रुजवणे हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो.

प्रथम फुप्फुसधमनीत नळी बसवावी आणि हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) मिसळलेल्या द्रावणाने आतले रक्त काढून टाकावे. मग त्याच नळीतून पेशी विरघळवणारे डिटर्जंट सोडावे. निरोगी माणसात या धमनीतला सरासरी दाब पाऱ्याच्या १५ मिलिमीटरच्या आसपास असतो. पंपाचा दाब त्याच्या फार वर नेल्यास वायुकोशांच्या नाजूक भिंतींना इजा होते. गुलाबी फुप्फुस हळूहळू फिकट होत शेवटी दुधी, अर्धपारदर्शक दिसू लागते, पण केवळ रंगावर विसंबू नये. कोरड्या ऊतीच्या दर मिलिग्रॅममागे डीएनए ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी उरला पाहिजे, सूक्ष्मदर्शकाखाली पेशीकेंद्रके दिसता कामा नयेत, आणि डिटर्जंट धुऊन काढण्यात कसूर होऊ नये, कारण मागे राहिलेला अंश नव्या पेशींना मारक ठरतो.

पेशी पेरताना वायुमार्गाच्या व वायुकोशांच्या पेशी श्वासनलिकेतून, तर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी रक्तवाहिन्यांतून सोडतात. हे दुसरे काम कधीही घाईने उरकू नये. अस्तर जिथे तुटक राहते तिथे रक्ताचा साच्यातील उघड्या कोलॅजेन या प्रथिनाशी संबंध येतो, प्लेटलेट चिकटतात आणि गुठळी धरते. शिवाय द्रव झिरपून वायुकोश भरतात. २०१० साली अशी फुप्फुसे उंदरांत बसवण्यात आली तेव्हा त्यांनी वायूंची देवाणघेवाण केली खरी, पण ती काही तासांपलीकडे टिकली नाही. म्हणून अस्तराच्या पेशी धमनी आणि शीर या दोन्ही बाजूंनी सोडाव्यात आणि त्या पक्क्या चिकटेपर्यंत प्रवाह थांबवून ठेवावा.

त्यानंतर फुप्फुस बायोरिॲक्टरमध्ये (शरीराबाहेर ऊती वाढवण्याच्या नियंत्रित पात्रात) ठेवून पोषकद्रवाचा प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि श्वासासारखे हलके ताणही द्यावेत, कारण फुप्फुसाच्या पेशींची वाढ त्या ताणावरही अवलंबून असते. २०१८ साली अमेरिकेतील गॅल्व्हेस्टन येथील संशोधकांनी डुकरांत बसवलेल्या अशा फुप्फुसांत दोन महिन्यांपर्यंत रक्तवाहिन्यांचे जाळे विकसित होताना पाहिले.

रोपणाचा विचार करण्यापूर्वी रक्तवाहिन्यांतून रंगीत अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) सोडून पाहावे. ते श्वासनलिकेत उतरत असेल, तर ऊती अजून तयार झालेली नाही.