"किती घेणार?" या प्रश्नाला कलाकाराने कसं उत्तर द्यावं

कॉलेजात कला शिकलेला असो की स्वतःच धडपडत शिकलेला, व्यवसायात दोघेही बहुतेक एकाच जागी अडतात. ग्राहक विचारतो, "किती घेणार?" आणि तोंडाला येईल तो आकडा सांगितला जातो. म्हणून सुरुवात इथूनच करा.

एक वही घ्या आणि पुढच्या तीन कामांचा प्रत्येक तास तिच्यात लिहा. समजा, एक व्यक्तिचित्र रंगवायला 14 तास लागले. पण कच्च्या रेखाटनाचे 3, ग्राहकाशी बोलून फोटो निवडण्याचे 2 आणि वॉर्निश-फ्रेम-पॅकिंगचे 2 धरले की 21 होतात. 14 तासांचेच पैसे घेतलेत, तर 7 तास फुकट राबलात. आता महिन्याचा घरखर्च आणि जागेचं भाडं, वीज यांची बेरीज करा. खरेदी, हिशेब, फोन यांत जाणारा वेळ वगळून कामाचे जितके तास उरतात, त्यांनी तिला भागा. तो तुमचा तासाचा दर. साहित्य आणि थोडा नफा त्यावर.

गॅलरी विक्रीतला निम्मा वाटाही घेते, तेव्हा तो धरूनच किंमत लावा आणि घरून विकतानाही तीच सांगा. घरी स्वस्त आणि तिथे महाग, असं कळलं की गॅलरीही दुखावते आणि जुने ग्राहकही.

ब्रश हातात घेण्याआधी एका पानावर लिहून घ्या: आकार, मुदत, आगाऊ रक्कम, किती वेळा बदल करून देणार. आणि चित्राच्या प्रती कोण काढू शकेल, हेही. मूळ चित्र विकलं म्हणजे प्रती काढण्याचा हक्क विकला, असं सहसा होत नाही. पण मागणीवरून केलेल्या कामात, काही देशांच्या कायद्यानुसार, करार नसेल तर तो हक्क ग्राहकाकडे जातो. म्हणून प्रतींबद्दलचं ते एक वाक्य लिहायला विसरू नका.

कॉलेजात शिकलेल्यांच्या कामाला वर्षानुवर्षं शिक्षकांनी जोखलेलं असतं, ग्राहकाने नाही. त्यांनी एखाद्या प्रदर्शनात दोन दिवस स्वतः स्टॉलवर उभं राहावं, लोक कुठे थबकतात ते पाहावं. स्वतः शिकलेल्यांना ग्राहक लवकर कळतो, पण "हा हात चुकलाय" असं सांगणारं कुणी नसतं. त्यांनी तीन-चार कलाकार गाठून महिन्यातून एकदा कामं समोर मांडावीत. पदवीची उणीव भरून निघते, परखड सोबत्यांची नाही, असं मला मनापासून वाटतं.

विक्री जमतच नसेल तर जोडीदार शोधा. सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचा जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याच्या छापचित्रांवर त्याची आद्याक्षरं ठसठशीत असत आणि त्याची पत्नी आग्नेस ती जत्रांमध्ये विकायची. मोठं चित्र न परवडणाऱ्यालाही छापचित्र घेता येई. तुम्हीही मूळ चित्रासोबत मर्यादित प्रती ठेवा.

वहीचं शेवटचं पान ग्राहकांच्या नावांसाठी राखा. काम पोहोचल्यावर दोन आठवड्यांनी फोन करा, चित्र कुठे लावलं ते विचारा. पुढचं काम पुष्कळदा याच फोनवर ठरतं.